परत आणलेली मरळ

औंढ्याच्या खालच्या अंगाला भातखाचरं संपतात आणि तलावाचा फुगवटा सुरू होतो. तिथं सकाळच्या वेळी गुडघाभर पाण्यात एखादी बाई उभी दिसली, तर ती हिराच, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. साडीचा ओचा वर खोचलेला, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ आणि हातात तिच्या दुप्पट लांबीची बांबूची काठी. चाळीस वर्षं ती अशी उभी आहे. मध्ये मुलाच्या, प्रितमच्या वेळचं बाळंतपण झालं आणि एकदा पाय मुरगळला, तेवढाच खंड.

जाळी टाकणारे गडी ट्रकच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जातात. हिराला पोहता येत नाही आणि तशी कधी गरजही पडली नाही. तिचा मासा उथळातला. पाणी चढलं की काठचं गवत बुडतं आणि त्या बुडालेल्या गवतात मरळ येऊन बसते. मरळ पाण्यात राहत असली तरी श्वास हवेचा घेते. दहा-बारा मिनिटांनी वर येते, एक घोट हवा पिते आणि खाली जाते. मागे राहतो एक बुडबुडा आणि ताटाएवढं वर्तुळ. ते दिसलं की बेडकी लावलेला गळ हातभर पुढं टाकायचा आणि पाण्यावर नाचवायचा. बाकी सगळं काम मरळ स्वतःच करते.

हे हिराला तिच्या सासूनं, आक्काबाईनं शिकवलं. त्याच्याबरोबर एक नियमही शिकवला. पावसाळ्यात मरळीची पिलं निघतात ती तांबडीलाल असतात, हजार-बाराशेंचा एकच गोळा करून वरच्या पाण्यात फिरतात, आणि आई त्यांच्या खाली राखणीला असते. तेव्हा तांबडं दिसलं की गळ वर. तिथं काठावर एक काठी रोवायची, तिला चिंधी बांधायची, आणि वीस दिवस त्या जागी कुणी गळ टाकायचा नाही. आई उचलली तर तिची पिलं संध्याकाळपर्यंत चिलापी मासळी खाऊन टाकते. पुढल्या साली मरळ येणार कुठून?

आक्काबाई गेल्यावर काठ्या रोवायचं काम हिराकडं आलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप आलं. दरसाल पाच-सहा काठ्या उभ्या राहायच्या. एकदा गावातल्या भिमाजीच्या मेव्हण्यानं चिंधीखाली गळ टाकला, तर हिरानं त्याची काठी गुडघ्यावर मोडून त्याच्याच हातात दिली होती. "घे, चुलीला व्हईल," म्हणाली होती.

यंदा भाद्रपद लागला तरी एकच काठी उभी होती. "यंदा मरळ कमी हाय," हिरा सांगायची आणि लोक मान डोलवायचे.

मरळ कमी नव्हती. हिराला दिसत नव्हतं.

दोन पावसाळे झाले होते. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं, मग सगळ्यावरच दुधावर यावी तशी साय आली. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. तांदूळ बोटांनी निवडायची. माणूस चालीवरून ओळखायची आणि आधीच "जयभीम भाऊ" म्हणून टाकायची. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं. तिची पाळी आली की तिचा घसा बसायचा. आणि पाण्यात ती कानांनी मासे धरायला शिकली होती. मरळ वर येते तेव्हा 'चुळुक' असा आवाज होतो, चिलापीचा वेगळा, बेडकाचा वेगळा. पण तांबड्या रंगाला आवाज नसतो.

लपवण्याचं कारण ऑपरेशनची भीती हे नव्हतं. कारण वराळ्यात होतं. प्रितम तळेगावच्या बाजूला कारखान्यात होता आणि वराळ्याला चौथ्या मजल्यावर त्याची दोन खोल्यांची जागा होती. सून चैताली एका औषधाच्या दुकानात कामाला, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. ती रजा दिवाळीला संपणार होती. "आई, तुम्ही दोघं इकडेच या आता," प्रितम दर आठवड्याला फोनवर म्हणायचा. आजपर्यंत हिराकडं उत्तर होतं, "मला हितं काम हाय." ऑपरेशन झालं की महिनाभर डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणतात. महिनाभर नेऊन ठेवलेली बाई परत येत नाही, हे तिनं शेजारच्या एका म्हातारीच्या बाबतीत पाहिलं होतं. ती चार दिवसांसाठी म्हणून पिंपरीला गेली, आणि आता तिच्या दाराशी पेरूचं झाड उगवलं होतं.

म्हणून डोळ्यांवर साय आली तरी तोंडावर कुलूप.

त्या मंगळवारी चैताली चार महिन्यांच्या बाळाला घेऊन औंढ्याला आलेली होती. हिरा उजाडताच पाण्यावर गेली. बाभळीच्या बुडालेल्या खोडापाशी तिला तीनदा चुळुक ऐकू आलं. आवाज जड होता, मोठी मरळ. गळ टाकला, नाचवला, आणि काठी वाकली. अशी मरळ लागली की खोल पाण्याकडं ओढते. ही ओढत नव्हती. ती पुन्हा पुन्हा खोडापाशीच येत होती. हिराच्या हातांना ते कळलं. पण हातांनी सांगितलेलं सगळंच माणूस ऐकून घेतो असं नाही. तिनं मरळ काठावर घेतली, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि वडापच्या रिक्षानं लोणावळ्याला मासे विकणाऱ्या जीनतकडं पोचवून आली. मरळ जिवंतच विकली जाते. आजारातून उठलेल्याला तिचं कालवण देतात, आणि ती जिवंत पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. ओल्या पोत्यात ती दोन-तीन तास सहज राहते.

दहाला हिरा घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. नवरा बाजीराव ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. तो रेल्वेत खंडाळ्याच्या घाटात रुळांवर काम करून निवृत्त झालेला, बोलणं मोजकं. चैताली बाळाची दुपटी धुऊन काठावरून आली ती हसतच.

"आई, एक गंमत दाखवू? व्हिडिओ काढलाय," असं म्हणून तिनं मोबाईल सासूच्या हातात दिला.

हिरानं पिठाच्या दोन बोटांत तो धरला, हात लांब केला, डोळे बारीक केले. "व्हय की! लय भारी हाय," ती म्हणाली.

"आई, स्क्रीन बंद झालाय."

हिरानं मोबाईल परत दिला. "ते तुमचं यंत्र. कधी चालू, कधी बंद. तूच सांग ना, काय ते."

चैताली तिच्याकडं एक क्षण जास्त बघत राहिली. मग म्हणाली, "पाण्यावर तांबडं काहीतरी होतं. मिसळीच्या कटावर तर्री येते ना, अगदी तशी. आणि ती हलत होती. जवळ गेले तर सगळी बारीक बारीक पिल्लं!"

हिराचे हात भाकरीवर थांबले. "आन् खाली? खाली काळं काय फिरत व्हतं?"

"खाली काही नव्हतं. कडेनं मात्र राखाडी मासे येत होते, तोंड मारून पळत होते. मी बघता बघता ती तर्री लहान होत गेली."

"कुटं?"

"ते बाभळीचं खोड आहे बघा. तुम्ही सकाळी उभ्या होतात तिथंच."

तव्यावरची भाकरी करपली. हिरानं ती उलथन्यानं काढून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. दुसरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली, फुगवली. मग तिसरी केली. काय झालंय ते तिला पुरतं कळलं होतं. आणि हेही कळलं होतं की दुसऱ्या कुणालाच ते कळलेलं नाही. ही पोर पिंपरीत वाढलेली, तिला तर्री कळते, मरळ कळत नाही. गप्प राहिलं तर संध्याकाळपर्यंत तिथं तांबडं काही उरणार नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर यंदा मरळ कमीच आहे.

चौथ्या भाकरीला तिनं पीठ मळलं आणि थापलंच नाही. हात धुतले.

"चैताली, तुला पाण्यात हुबं ऱ्हाता येईल का? गुडघ्याइतकं. जास्त न्हाई."

"कशाला?"

"त्या राखाडी माशांना, चिलाप्यांना हाकलायला. म्या येईस्तवर. खराटा घे."

"आई, मी? खराटा घेऊन?"

"मग काय चमचा नेतीस व्हय? पिलांत न्हाई मारायचा. कडंनी पाणी बडवायचं, आपुन कुत्र्याला हाकलतो तसं. आवं," ती बाजीरावाला म्हणाली, "बाळ तुमच्याकडं. रडलं तर बाटली भरलेली हाय."

"मरळ आनाया चाललीस?" बाजीराव म्हणाला.

हिरा उंबऱ्यात थबकली. पण रिक्षा सुटायची वेळ झाली होती.

लोणावळ्याच्या बाजारात जीनतचं दुकान म्हणजे एक फरशीचा ओटा, मागं निळं पिंप आणि पिंपाशेजारी सुरी घेऊन तिचा नवरा इकबाल. जीनतची आणि हिराची ओळख वीस वर्षांची. हिरा ओट्यापाशी आली तेव्हा जीनत एका बाईला कोळंबी मोजून देत होती.

"काय हिराबाई, आणखी एक लागली? आज तर जोरात आहे काम!"

"सकाळची हाय का?"

"आहे की, पिंपात. खंडाळ्याच्या बंगल्यावरचा गौरव येतोय न्यायला. त्याच्या मालकिणीच्या आईचं ऑपरेशन झालंय. एक वाजता येतो म्हणालाय."

"ती मला परत दे."

जीनतनं कोळंबीची पिशवी बाईच्या हातात दिली आणि पदराला हात पुसले. "वीस वर्षं झाली ओट्यावर. मासा परत करायला गिऱ्हाईक येतं. मासा परत न्यायला आलेली तू पहिलीच. इकबाल, ऐकलंस का रे? हिराबाईला तिच्या मरळीची आठवण येतेय!"

"लग्न लावून दिलेल्या लेकीला लोक असंच परत न्यायला येतात," इकबाल मागून म्हणाला.

हिरा हसली नाही. येताना रिक्षात तिनं दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. घरी पाहुणा आलाय, सुनेला कालवण द्यायचंय. पहिलं कारण तोंडापर्यंत आलंही. पण पिंपात मरळीनं एक फटका मारला, पाणी उडालं, आणि ते कारण जागीच राहिलं.

"पिलांवरची हाय ती," हिरा म्हणाली. "खाली पिलं व्हती. म्या उचलली."

"तू?" जीनतचा हसरा आवाज पार उतरला. "तू पिलांवरची उचललीस? अगं, माझ्याकडं कुणी श्रावणात मरळ आणली तर हिराबाईच्या काठीखालची नाही ना, म्हणून मी दटावून विचारते!"

"मला तांबडं दिसलं न्हाई."

बाजार चालू होता. पलीकडं कुणीतरी बोंबलाचा भाव ओरडत होतं. जीनत ओट्यावरून खाली उतरून हिराच्या जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

"आणि कुणाला बोलली नाहीस. अगं, माझ्या सासूचं वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावरची घाण तिला दिसायला लागली. मलाच ताप!"

"ऑपरेशनला कोन भितंय? म्हैनाभर पान्यात जायचं न्हाई. त्येवढ्यात पोरगा वराळ्याला न्हेतोय. मग झालंच की."

"आणि न दिसता पाण्यात उभी राहशील ते चालेल?"

जीनतनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं रंगाचा रिकामा डबा उचलला, पिंपातलं पाणी त्यात भरलं, आणि इकबालनं दोन्ही हातांनी मरळ धरून त्यात सोडली. जीनतनं झाकणाला सुरीच्या टोकानं चार भोकं पाडली.

"गौरवचं काय?" हिरानं विचारलं.

"त्याला दुसरा मासा देते, वाम. मालकिणीची आई काय, कालवण झालं की झालं. जा तू. सांडू नको."

हिरा परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. डबा डोक्यावर घेऊन ती खाचरांच्या बांधावरून उतरली. लांबूनच तिला फटाक् फटाक् आवाज ऐकू आला. गुडघ्यापर्यंत लेगिंग्ज वर सरकवून, ओढणी कमरेला बांधून चैताली पाण्यात उभी होती आणि खराट्यानं पाणी बडवत होती. काठावर शेजारचा गेणू आणि आणखी दोघं उकिडवे बसून बघत होते.

"मावशी, सूनबाईंनी तलाव झाडायला घेतलाय का?" गेणू म्हणाला.

"तुमी का बसलाय मग? तुमच्या दारचं बी झाडून देती, उठा!" हिरानं त्यांना उठवून लावलं. मग डबा काठावर टेकवून विचारलं, "किती ऱ्हायलीत?"

"सुपाएवढी होती सकाळी. आता ताटाएवढी आहेत," चैताली धापा टाकत म्हणाली. "आई, ते मासे फार निर्लज्ज आहेत हो. एकीकडून हाकललं की दुसरीकडून येतात."

हिरा पाण्यात उतरली. डबा कलता करून तिनं मरळ बाहेर येऊ दिली. हातावरून ती थंड, जाड अंगानं सरकत गेली आणि मग पाण्यात काहीच राहिलं नाही. हिराला समोर दिसत होता नुसता उजेड, पांढरा आणि पसरलेला.

"कुटं गेली?"

"तिथंच आहे. गवताला लागून पडलीय. हलत नाही."

"कल्ला हलतोय का?"

"कल्ला म्हणजे?"

"गालापाशी. उघडमीट व्हतीय का?"

"होतेय. हळू."

"मग ऱ्हाऊ दे. खराटा खाली घे. हलू नगंस."

दोघी उभ्या राहिल्या. घरी बाळ रडल्याचा बारीक आवाज आला आणि थांबला. चैतालीनं एकदा तिकडं मान वळवली, पण पाय हलवला नाही. हिरा कान लावून होती. तिनं बारा मिनिटांचा अंदाज धरला होता. तेवढ्या वेळात मरळीला हवेसाठी वर यावंच लागेल. कुठं येते त्यावर सगळं होतं. खोल पाण्याच्या अंगाला आली तर ती गेली. पिलांपाशी आली तर राहिली.

"गेली, आई," चैताली हळूच म्हणाली. "उजवीकडं गेली. खोल पाण्यात. दिसेना झाली."

हिरानं डोक्यावरचा पदर काढला आणि पुन्हा घेतला.

बराच वेळ गेला. चिलापी परत आली असावी, कारण चैताली खराटा उचलू लागली. हिरानं तिचा हात धरला.

"त्या येताहेत, आई. चार आहेत. पाच..." आणि मग चैतालीचा आवाज एकदम बदलला. "पळाल्या!"

"कशा पळाल्या? हळू का एकदम?"

"एकदम. आतून कुणी दार लोटल्यासारख्या."

त्याच वेळी खोडापाशी जड आवाज झाला, चुळुक. हिरानं डोळे मिटून घेतले. तसंही त्यांचं काम नव्हतं.

"आई, काळं काहीतरी आहे खाली. तर्रीच्या बरोबर खाली. फिरतंय."

"फिरू दे," हिरा म्हणाली. काठाशी येऊन ती चिखलातच बसली.

चैताली तिच्याजवळ येऊन बसली. पिंढऱ्यांना लागलेला चिखल खराट्यानंच काढत ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही ना?"

"थोडं थोडं दिसतं."

"मी तुमच्यापासून दोन हातांवर बसलेय. माझ्या कुर्त्याचा रंग सांगा."

"निळा," हिरानं ठोकून दिलं.

"पिवळा आहे."

हिरा हसायला लागली. पोटातून हसली, दोन वर्षांत हसली नव्हती तशी. चैतालीही हसली, पण थोडी आधी थांबली. "ह्यांना सांगावं लागेल, आई."

"सांग. मग त्यो गाडी घेऊन येईल. माझी पिशवी भरील. चौथ्या मजल्यावर मला खिडकीत बसवील."

"आणि माझी रजा संपली की बाळ तुमच्या मांडीवर देईल," चैताली म्हणाली. "ते मलाही हवंय, खोटं कशाला बोलू? दुसरं आहे कोण मला? पण डोळ्यांनी न दिसणाऱ्या बाईच्या मांडीवर नको."

हे बोलणं हिराला लागलं आणि पटलंही. दोन्ही एकदम.

संध्याकाळी प्रितमचा फोन आला तेव्हा चैताली तो उचलायला निघाली होती. हिरानं हात पुढं केला. "दे हिकडं."

तिनं सगळं एका दमात सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, मरळीचं सांगितलं, दोन पावसाळे लपवलं तेही सांगितलं. पलीकडं प्रितम आधी ओरडला, मग त्याचा आवाज बारीक झाला, मग तो म्हणाला, "उद्याच येतो. तुम्हाला इकडेच घेऊन येतो."

"उद्या नगं. गुरवारी तुला सुट्टी असती, तवा ये. लोणावळ्यात डोळे दाखवायचे. ऑपरेशन म्या हितंच करनार आन् हितंच ऱ्हानार. म्हैनाभर पान्यात पाय घालनार न्हाई, ही माझी जबान. तुझी बायकू ऱ्हाती का इच्यार तिला. बाळाचं मग बघू. दिवाळी अजून लांब हाय." आणि तो काही म्हणायच्या आत तिनं फोन चैतालीला दिला.

चैताली फोन घेऊन अंगणात गेली. हिरा चुलीपुढं बसून राहिली. बाजीराव बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होता.

"तुमाला ठावं व्हतं," ती त्याला म्हणाली.

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलंना झालीस. म्या बोलून काय करनार? वराळ्याला मला तरी कुटं जायचं हाय?"

चैताली आत आली. "गुरुवारी येताहेत. सकाळी नऊला."

"आन् तू?"

"मी महिनाभर राहते म्हणून सांगितलं. म्हणाले, तिथं दिवसभर काय करशील? म्हटलं, आईंची पिलं बघायचीत. उद्यापासून रोज दोनदा जाऊन मोजायचीत." ती ताटं मांडू लागली. "ते विचारत होते, दिवाळीनंतरचं काय ठरलं? मी म्हटलं, अजून नाही ठरलं. नाहीच ठरलेलं ना, आई?"

"न्हाई ठरल्यालं," हिरा म्हणाली आणि सकाळी राहून गेलेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.